तेल विक, कर्ज फेड

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी गेली किंवा धंदा बसला की घरात सगळ्यात आधी लपवलं जातं ते कर्ज. बायकोला कार्डाचं बिल ठाऊक नसतं, नवऱ्याला भिशीतून उचललेले पैसे ठाऊक नसतात. आम्हा ख्रिस्ती माणसांना वर आणखी एक धास्ती असते: याचा विश्वासच कमी पडला, असं मंडळीत कुणी म्हणालं तर?

बायबलमध्ये 2 राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवभीरू. तरी कर्ज मागे ठेवून गेला, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. देवभीरू माणूस कर्जात मेला, हे शास्त्र सरळ सांगतं, आणि त्याला दोषाचा एक शब्द लावत नाही. अलीशा विचारतो, घरात काय आहे? थोडं तेल, बाकी काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, तीही थोडकी नव्हेत. म्हणजे आळीभर बोभाटा होणारच! तेल वाढतं, भांडी भरतात. पुढचा हुकूम मला फार व्यवहारी वाटतो: तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं गुजराण करा. चमत्कार झाला म्हणून देणं माफ नाही.

तेव्हा घरातल्या सगळ्यांसमोर देणी एका कागदावर मांडा, प्रत्येकापुढे व्याजाचा दर लिहा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही. बँकेचं सोनेतारण कर्ज सहसा त्याहून बरंच स्वस्त असतं. बांगड्या ठेवून कार्ड मिटवलंत, तर ते कार्ड पुन्हा बाहेर काढू नका. घराचा हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही माहीत असू द्या.

आणि दशमांश? पगारच नाही तर दहावा हिस्सा कशाचा काढायचा? पौलानं करिंथकरांना लिहिलंय की देणगी माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे. दुपटीनं परत मिळेल म्हणून कर्ज काढून दान करायला लावणारे उपदेशक मला पटत नाहीत. तो सट्टा झाला.

शेजाऱ्यांच्या भांड्यांकडे मात्र आपण पुरेसं पाहत नाही. जर्मनीत 1846-47 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात रायफायझन नावाच्या एका ख्रिस्ती मेयरनं वायरबुशमध्ये ऐपतदार गावकऱ्यांकडून पैसे उभे केले आणि गरिबांना उधारीवर पीठ-पाव दिला. 1864 मध्ये त्यानं हेडेसडोर्फला पतसंस्था काढली. तिथले सभासद एकमेकांच्या कर्जाला बांधील असत, त्यामुळे कोण कशासाठी पैसे मागतोय याची चौकशी शेजारीच करत. आपल्याकडच्या 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यावर त्याच पद्धतीची छाप आहे. वसईतली बसीन कॅथलिक बँक 1918 ची, सहकाराच्या त्याच वाटेवरची.

आपल्या मंडळीत आजारपणासाठी प्रार्थना मागायला कुणी लाजत नाही. थकलेल्या हप्त्यासाठी कुणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे तरी प्रत्येक चर्चमध्ये असतात. महिन्यातून एका रविवारी, उपासनेनंतर, दार लावून त्यांनी कुणाचा तो कागद पाहायला बसावं, एवढं पाळकांना आजच सुचवून पाहा.