ठरलेल्या तारखेचा पैसा

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा पाऊस पडून गेला, की आमच्या मराठवाड्यात कृषी सेवा केंद्रांसमोर सकाळपासून माणसे उभी असतात. सोयाबीनची बॅग, डीएपी खताचे पोते, थोडी तूर, एवढी यादी प्रत्येकाच्या डोक्यात असते आणि वाफसा आहे तोवर पेरणी उरकायची असते. अशा वेळी ज्याच्या हातात पैसा नाही, तो दुकानदाराकडून उधारीवर माल उचलतो किंवा सावकाराचे घर गाठतो. महिना शेकडा पाच हा व्याजाचा दर ऐकायला लहान वाटतो. पण जूनमध्ये घेतलेले दहा हजार रुपये सहा महिन्यांनी फेडायचे म्हटले, तर व्याजाचेच तीन हजार होतात. शिवाय सावकार दारात उभा असल्यामुळे सोयाबीन काढले त्याच आठवड्यात, दाण्यात ओल असतानाच, मिळेल त्या भावाने विकावे लागते. गरिबीत पैसा कमी असतो हे तर खरेच, पण तो नको त्या वेळी नसतो, आणि त्याची किंमत वर्षभर मोजावी लागते.

गरजू कुटुंबाच्या हातात थेट रोख रक्कम दिली, तर त्याच्या उपजीविकेत काय फरक पडतो, याविषयी आज मी बोलणार आहे. बचत गटांच्या कामात अनेक वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की रक्कम किती आहे याच्याइतकेच महत्त्व ती ठरलेल्या वेळी येते की नाही याला आहे.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मिळतो. इला भट्ट यांनी 1972 मध्ये अहमदाबादला स्थापन केलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने 2011 मध्ये इंदूर भागातील आठ गावांत एक प्रयोग सुरू केला. गावातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दरमहा 200 रुपये आणि प्रत्येक मुलामागे 100 रुपये देण्यात आले. मुलांचे पैसे आईच्या हाती दिले जात. वर्षभराने या रकमा 300 आणि 150 करण्यात आल्या. नवरा-बायको आणि तीन मुले अशा घरात सुरुवातीला महिन्याला 700 रुपये येत होते. कोणतीही अट नव्हती: पैसे कशावर खर्च करायचे हे कोणी सांगितले नाही आणि पावत्याही मागितल्या नाहीत. तुलनेसाठी पैसे न दिलेली तशीच 12 गावे निवडली होती. याखेरीज एका आदिवासी गावातही हाच प्रयोग वेगळा करण्यात आला.

दीड वर्षाच्या या प्रयोगात जे दिसले, ते माझ्यासारख्या गावात काम करणाऱ्या बाईला ओळखीचे वाटावे असे आहे. घरात डाळ, भाजी, दूध जास्त आले. लहान मुलींचे वजन सुधारले. मुलांची, विशेषतः मुलींची, शाळेतील हजेरी वाढली. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते कामाविषयीचे निरीक्षण. फुकटचे पैसे मिळाले की माणसे हातपाय हलवायची नाहीत, अशी शंका तेव्हाही घेतली गेली होती. प्रत्यक्षात लोक दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे काही प्रमाणात कमी झाले आणि स्वतःच्या शेतात, स्वतःच्या धंद्यात जास्त राबू लागले. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे त्याने आपली पेरणी सोडून दुसऱ्याच्या पेरणीला जावे, यामागचे कारण आपल्याला ठाऊक आहे. त्याला संध्याकाळी हातात पडणारी रोजंदारी हवी असते. ती निकड थोडी सैल झाली, की त्याचे श्रम त्याच्याच जमिनीकडे वळतात. आदिवासी गावात तर कर्जापोटी मोठ्या शेतकऱ्याकडे वर्षानुवर्षे राबणाऱ्या काहींनी या पैशांतून देणे फेडत आणून त्या बंधनातून सुटण्याची वाट धरली.

या प्रयोगात सहभागी असलेले अर्थतज्ज्ञ गाय स्टँडिंग यांनी असे मांडले, की अशा रकमेचे माणसाला मोकळे करण्याचे मोल तिच्या रुपयांतील किमतीहून अधिक असते. गावात रोकड हीच दुर्मीळ वस्तू असते, म्हणून तिचा भाव चढा असतो, आणि तो भाव म्हणजेच सावकाराचे व्याज. महिन्याला 700 रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, मात्र शेकडा पाचने कर्ज काढण्याची एक वेळ टळते.

ऊसतोड कामगारांच्या घरी जाऊन आलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मुकादमाची उचल म्हणजे पुढच्या हंगामातील श्रमांची आधीच झालेली विक्री. एक कोयता, म्हणजे एक जोडपे, ती रक्कम घेऊन घरातले आजारपण किंवा लग्न निभावते आणि मग फिटेस्तोवर फडात वाकत राहते. ज्या महिन्यांत हाताला काम नसते, नेमक्या त्याच महिन्यांत उचल घेतली जाते. तेव्हा घरात थोडी जरी खात्रीची रक्कम येत असेल, तर उचल लहान होते आणि पुढचे बंधनही तितकेच आखूड होते.

पुरुष हे पैसे दारूत घालवतील, असे ठामपणे म्हणणारे लोक मला प्रत्येक बैठकीत भेटतात. त्यांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. पण या प्रश्नाचा शोध अनेक देशांत घेतला गेला आहे. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या संशोधकांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे दिसून आले नाही. इंदूरकडच्या गावांतही तसेच आढळले.

केनियातील रारीएडा या भागातही 2011 च्या सुमारास गरीब कुटुंबांना मोबाइलवरून, एम-पेसा या सेवेद्वारे, विनाअट पैसे देण्यात आले. त्या प्रयोगाची रचना आपल्यासाठी उपयोगाची आहे. काही घरांना रक्कम दरमहा हप्त्याने दिली, तर काहींना एकरकमी. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची निश्चिंती अधिक आली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या, विशेषतः गवती छपराच्या जागी पत्रे घातले. गवती छप्पर वरचेवर शाकारावे लागते आणि त्याचा खर्च संपत नाही, हे कोकणातल्या आणि मेळघाटातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. म्हणजे हप्ता कसा द्यायचा हा नुसता कारकुनी प्रश्न नाही. त्यावर त्या घरात काय उभे राहील हे ठरते.

आता आपल्याकडचे पाहू. केंद्राची पीएम किसान योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली; वर्षाला 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीची तितकीच भर पडली. परंतु दोन्ही योजना सातबाऱ्याला बांधलेल्या आहेत. बटाईने कसणारा, भूमिहीन मजूर आणि जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशी शेतात आयुष्य घालवलेली बाई, हे सगळे बाहेर राहतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून लागू झाली आणि ज्या घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे तेथील 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना महिना 1500 रुपये मिळू लागले. पहिल्यांदा, ऑगस्टमध्ये, दोन महिन्यांचे 3000 एकदम जमा झाले, तेव्हा आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने प्रथमच पैसे काढले. संजय गांधी निराधार अनुदान योजना तर 1980 पासूनची आहे. तिची रक्कम 2023 मध्ये 1000 वरून 1500 झाली.

या शेवटच्या योजनेतील आमच्या गटाच्या एका ताईंविषयी थोडे सविस्तर सांगते. त्या विधवा आहेत, मुलगी शाळेत जाते, जमीन एक एकर. अनुदान सुरू होण्यापूर्वी गटाकडे कर्ज मागायला त्या कचरत, कारण हप्ता कुठून फेडणार, हा प्रश्न इतर बायका विचारण्याआधी त्या स्वतःलाच विचारत. महिन्याला नक्की पैसे येऊ लागले आणि काही महिन्यांनी त्यांनी बैठकीत हात वर केला. गटाने अंतर्गत कर्ज दिले आणि त्यांनी उस्मानाबादी जातीची एक पाट, म्हणजे तरुण शेळी, विकत घेतली. या जातीच्या शेळ्या बऱ्याचदा जुळी देतात. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत करडे हाती येतात. घरामागे तुराट्यांचा आडोसा, बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला, इतक्यावर ती शेळी पोसली गेली. पहिल्या वेताला एक बोकड आणि एक पाट झाली. बोकड वाढवून विकला, त्यातून गटाचे उरलेले कर्ज फेडले आणि त्या जूनमध्ये बियाण्यासाठी त्यांना कोणाच्या दारात जावे लागले नाही. अनुदानाच्या पैशांतून शेळी आली असे म्हणता येणार नाही, कारण ते पैसे मीठमिरची, तेल आणि वह्यांतच जात होते. शेळी आली ती दरमहा येणाऱ्या पैशाच्या खात्रीवर. त्या खात्रीमुळे त्यांची पत निर्माण झाली.

पुढच्याच वर्षी एका कार्यालयात त्यांचा उत्पन्नाचा दाखला नोंदवायचा राहून गेला आणि चार महिने अनुदान थांबले. त्या तीनदा तालुक्याला गेल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे वेगळे. पाचव्या महिन्यात थकलेले सगळे पैसे एकदम जमा झाले, पासबुकावर आकडा पूर्ण भरला, आणि सरकारी हिशेबाने त्यांचे काहीही नुकसान झाले नाही. पण मधल्या काळात मुलीला ताप आला होता आणि त्यांनी दुभती शेळी विकून टाकली होती. मिळालेल्या 6000 रुपयांत तशी व्यालेली शेळी परत आली नाही. मला या विषयावर कोणी एकच गोष्ट सांग म्हटले, तर मी ही सांगते.

रक्कम वेळेवर येऊनही ती आतून झिजू शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना, पूर्वी मिळणाऱ्या माणशी पाच किलो स्वस्त धान्याऐवजी, माणशी महिना 150 रुपये देण्याचे ठरवले. हिशेब किलोला 30 रुपयांचा झाला. दुकानातले पाच किलो धान्य भाव वाढला तरी पाच किलोच राहते, 150 रुपयांचे मात्र तसे नसते. वृद्धांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठीचा केंद्राचा वाटा 2007 मध्ये 200 रुपये होता आणि त्यानंतर दीड दशक उलटून गेले तरी तो 200 रुपयेच राहिला. म्हणून धान्य बंद करून रोख देण्यास माझा विरोध आहे. रोख रक्कम धान्याच्या, दवाखान्याच्या आणि शाळेच्या जोडीला हवी, आणि दरवर्षी महागाईनुसार ती वाढायला हवी. तसेच पगारदारांचा पगार जसा ठरलेल्या दिवशी होतो, तसा या हप्त्यांनाही महिन्यातला एक दिवस जाहीर करून तो पाळला पाहिजे. लाडक्या बहिणीचा हप्ता या महिन्यात कधी, ही चौकशी आमच्या प्रत्येक बैठकीत होते. तारीख ठाऊक असेल तर बाई भिशी लावू शकते, शेळी घेऊ शकते, किराणावाल्याला सांगू शकते की अमुक दिवशी देते.

शेवटी, ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. आधारवर आधारित योजनांचे पैसे तुमच्या सगळ्या खात्यांपैकी ज्या बँकेशी आधार सर्वांत शेवटी जोडले गेले, त्या बँकेत जमा होतात. जुन्या पासबुकावर एंट्री दिसत नसेल, तर पैसे आले नाहीत असे समजण्याआधी नव्याने कुठे खाते उघडले होते का ते आठवा आणि आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे बँकेत किंवा आपले सरकार केंद्रात विचारून घ्या. दुसरे असे, की भांडी घासून आणि खुरपे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही म्हणून त्यांना परत पाठवले जाते. अशा वेळी एकाच बोटावर अडू नका, दहाही बोटे लावून पाहण्याचा आग्रह धरा. ज्यांना केंद्रापर्यंत चालवत नाही, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन, आधार जोडलेल्या कोणत्याही बँकेच्या खात्यातून पैसे काढून देतात. आपल्या गल्लीत अशी एखादी आजी असेल, तर तिचा निरोप उद्या सकाळी पोस्टात पोचवा.

नमस्कार.