यंत्र आलं, भिंती मागे राहिल्या

(दृश्य : मे महिना. कलमांची बाग. फांदीला अडकून राहिलेली आंबे काढायची घळ, खाली एकच चप्पल.)

मे महिन्यात कोकणात पोरगं डोक्याला मार लागून आलं, तर कशावरून पडलं हे विचारावं लागत नाही. आंब्यावरून, नाहीतर काजीवरून. विचारायचं ते वेगळंच. शुद्ध गेली होती का? उलट्या किती झाल्या? पेंगतोय का? त्यावर ठरतं, डोक्याचा सीटी स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी आतलं चित्र, काढायचा की काही तास नुसतं नजरेखाली ठेवायचं. डॉक्टर थांबू म्हणाले, तर त्यांच्याशी भांडू नका.

तळकोकणातल्या कितीतरी घरांसाठी सीटी म्हणजे प्रवास. कोल्हापूर, नाहीतर गोव्यातलं बांबोळी. घाटातली वळणं आणि मांडीवर पोराचं डोकं. आता चाकांवरचे सीटी निघालेत. काही गाडीत बसवलेले, काही थेट आयसीयूतल्या खाटेपर्यंत ढकलत नेता येणारे.

सोय मोठीच. पण सीटीच्या खोलीला जाड भिंती असतात, दाराला शिसं असतं, किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. खाटेपाशी जाणाऱ्या यंत्रामागून ते येत नाही. मग भिंतींचं काम माणसांनी करायचं.

(दृश्य : खाटेवर सात वर्षांचा मुलगा. वडील हात सोडत नाहीत.)

"मी झिलाक सोडूचंय नाय."

सोडू नका, पण उभे कुठे राहता ते बघा. क्ष-किरण रुग्णाच्या अंगावर आपटून विखुरतात, आणि सगळीकडे सारखे नाही. गॅन्ट्री, म्हणजे ते मोठं कडं, बगलेकडे जाणारे किरण बरेचसे स्वतःच अडवतं. पुढच्या-मागच्या तोंडातून मात्र भरपूर बाहेर येतात. म्हणून पायाशी उभं राहून पोराकडे बघायचं नाही, कड्याच्या बगलेला सरकायचं. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाईवर येते. लेड ॲप्रन, म्हणजे शिशाचा अंगरखा, पुढूनच झाकणारा असेल, तर यंत्राकडे पाठ फिरवायची नाही. आई गरोदर असेल, तर तिने बाहेर बसावं, मामा-काका कोणी थांबेल. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचंही कोणीतरी बघायला हवं : शिशाचा पडदा, नाहीतर खाटच लांब.

टेक्निशियनच्या छातीवर, ॲप्रनच्या आत, टीएलडी बॅज असतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले ते दर तीन महिन्यांनी मोजलं जातं. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं माप). पोराच्या छातीवर बॅज नसतो.

मोठ्या माणसाच्या डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट जातात. माती, हवा, आकाश यांतून जगात सरासरी माणसाला वर्षभरात २.४ मिळतात. आकडा घाबरण्याजोगा नाही. पण मुलाच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. मोठ्यांची सेटिंग लहानग्यावर लावली, तर त्याच्या वाट्याला नको तितकं जातं. म्हणून मुलांचा प्रोटोकॉल वेगळा. आणि डोकं म्हणजे डोकंच, मानेपर्यंत उगाच खाली उतरायचं नाही.

मूल हललं की चित्र बिघडतं, पुन्हा काढावं लागतं, म्हणजे मात्रा दुप्पट. तान्ह्याला पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं, तर पुष्कळदा गुंगीचं औषधही लागत नाही. आपल्या आज्यांना हे यंत्राच्या आधीपासून ठाऊक.

(दृश्य : पहाट. पाण्याने भरलेलं नळकांडं कड्यात ठेवलं जातंय.)

हे फँटम, यंत्र बरोबर मोजतंय का ते तपासायचं. सीटीच्या भाषेत पाण्याचा आकडा शून्य यायला हवा, हवेचा उणे १०००. हे माप ज्यांच्या नावाने चालतं, त्या सीटी बनवणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या विम्बल्डनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. आपल्याकडे यंत्र खड्ड्यांतून हिंदकळत येतं. तेव्हा हलवल्यावर हे पाणी बघितल्याशिवाय रुग्ण आत घ्यायचा नाही.

(दृश्य : कडं थांबतं. वडील ॲप्रन काढतात.)

झालं. बटण बंद, किरण बंद. खोलीत मागे काही उरत नाही, लगेच पोराला जवळ घ्या.

जाताना रिपोर्टवर मात्रेचा आकडा आहे का बघा आणि सीडी मागून घ्या. पुढे कोल्हापूरला न्यावं लागलं, तर ती आधी पिशवीत टाका. नाहीतर तिथे पुन्हा तेच कडं, तोच सीटी.