बरणीतलं यीस्ट

(दृश्य: संत्र्याची बाग, क्रेटची थप्पी, मागे सातपुडा)

अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका, डिसेंबर महिना. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्याची तोड सुरू आहे. या बागांच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये, एक लहानशी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा कारखाना आहे. ती आता विकली गेली आहे. जिनं उभी केली ती काका-काकूंची जोडी थकली. घेणारे दोघं भाऊ शेजारचेच, संत्रा बागायतदार. कागदपत्रं झाली. पण आज इथं जे हातात दिलं जाणार आहे, ते कुठल्याच कागदावर नाही.

(दृश्य: वाफ, मोठं पातेलं)

ही दर्यापूरकडची खरीप ज्वारी. भरडून आधी वेगळी शिजवतात. बार्लीच्या माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, काम साधारण ६५ अंशांवर भागतं, ज्वारीच्या स्टार्चला त्याहून जास्त आच लागते. म्हणून पहिल्यांदा कण्या, घरी करतात तशाच, पण पातळ. त्या निवल्या की माल्टच्या मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या माल्टमध्ये जातात, आणि माल्टमधली विकरं दोन्ही धान्यांच्या स्टार्चची साखर करू लागतात.

(दृश्य: पांढरी बशी, थेंब)

बशीतल्या मॅशच्या थेंबात आयोडीन पडलं. निळं-काळं झालं, म्हणजे स्टार्च अजून शिल्लक आहे. धाकटा भाऊ पुढच्या टाकीचा कॉक सोडायला वळतो. काकू त्याला थांबवतात, "घाई नोको करू, बापू. पिवरं राहू दे, मंग पुढं." दहा मिनिटांनी दुसरा थेंब. अजून निळा. तिसरा थेंब पिवळाच राहतो, तेव्हा कॉक उघडतो.

ज्वारी घेतानाही हेच. परतीच्या पावसात सापडलेलं कणीस काळं पडतं. तो दाणा बाजारात स्वस्त मिळतो, इथं चालत नाही. बुरशीचा वास थेट बिअरमध्ये उतरतो. काकू मूठभर दाणे हुंगतात आणि पोतं ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवतात. विदर्भात ज्वारीचा पेरा कापूस आणि सोयाबीनपुढे आटत गेला, उरलेल्यावर रानडुकरं आणि पाखरं. अशा वेळी निवडक दाण्याला चांगला भाव देणारं गिऱ्हाईक जवळपास टिकणं ही लहान गोष्ट नाही. आम्ही कॅमेरा घेऊन इथं आलो ते यासाठीच.

(दृश्य: संत्र्याची साल सोलणारे हात)

उकळी तासभर चालते. सुरुवातीला हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, कडवटपणासाठी. अगदी शेवटच्या मिनिटांत भरडलेले धणे आणि संत्र्याची साल. साल म्हणजे फक्त वरचा नारिंगी पापुद्रा. आतला पांढरा भाग आला की सगळी टाकी कडू. थोरल्या भावाचा जन्म संत्र्यात गेला, पण अशी साल तो आज पहिल्यांदा काढतो आहे. सुरी किती तिरपी धरायची हे काका त्याच्या मनगटाला धरून दाखवतात.

(दृश्य: निमुळत्या टाकीचा तळ, बरणीत उतरणारं दाट यीस्ट)

आणि हे यीस्ट, साखर आंबवून बिअर करणारे सूक्ष्मजीव. मागच्या टाकीच्या तळाशी बसलेलं, पुढच्या टाकीत जाणारं. काही फेऱ्या झाल्या की ते थकतं, कधी त्यात दुसरे जंतू शिरतात. मग ते टाकून नवं वाढवावं लागतं. वेळ कधी आली, हे आधी नाकाला कळतं. काका बरणी दोघांच्याही नाकाशी धरतात. ताज्या पावासारखा वास आला तर ठेवायचं, आंबूस आला तर फेकायचं. ते वीस अंशांच्या आसपास सुखात असतं, शिवाय आंबताना स्वतःही उष्णता सोडतं. बाहेर मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. म्हणून टाकीभोवती ग्लायकॉल हे सहज न गोठणारं थंड द्रव फिरवणारा चिलर, आणि वीज गेली तर जनरेटर. यावर नजर ठेवायची रात्रपाळी काका-काकू येत्या उन्हाळ्यापुरती भावांसोबत करणार आहेत.

(दृश्य: गोठा, चोथा खाणाऱ्या म्हशी)

लायसनवरचं नाव बदलायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते, तो अर्ज गेला आहे. पाच कामगारांपैकी तिघं राहिले. पाण्याचा प्रश्न आहेच. लिटरभर बिअरमागे चार ते सात लिटर पाणी लागतं आणि वरूडच्या बोअर खोल गेल्या आहेत, तेव्हा टाक्या धुतलेलं पाणी गाळून बागेला द्यायचं भावांनी ठरवलं आहे. मॅश गाळून उरलेला धान्याचा चोथा आजही शेजारच्या गोठ्यांना जातो, पुढेही जाईल.

दर्यापूरच्या शेतकऱ्यांशी पुढच्या खरिपाचा सौदा मात्र जुन्या आणि नव्या मालकांनी एकत्र बसून केला. भाव पेरणीआधीच ठरला आहे.