एका वाक्यात माणूस एकच

श्रोतेहो, नमस्कार.

"इफ अ स्टुडंट वॉन्ट्स टु अप्लाय, यू मस्ट फिल इन द फॉर्म अँड दे शुड अटॅच अ फोटो." अशा धाटणीची इंग्रजी वाक्यं सूचनाफलकांवर सर्रास दिसतात. अर्ज करणारा एकच. पण 'स्टुडंट' म्हणून सुरुवात झाली, मध्येच 'यू' आला नि शेवटी 'दे'. वाचणारी मुलगी गोंधळते : फॉर्म मी भरायचा, मग फोटो कोणी लावायचा? 'इफ यू वॉन्ट टु अप्लाय' असं सुरू करून शेवटपर्यंत 'यू'च ठेवा, वाक्य लगेच सरळ होतं.

आपल्या हातून हे घडतं त्याला कारण आहे. "माणसानं पहाटे उठावं, जरा फिरून यावं, म्हणजे आपल्याला दिवसभर बरं वाटतं," असं आपण सहज बोलून जातो. माणसावरून निघून 'आपल्या'वर आलो, तरी ऐकणारा अडखळत नाही. शिवाय मराठीत सर्वनाम गाळता येतं. क्रियापदच बरंच काही सांगतं. इंग्रजीत कर्ता बहुतेक वेळा लिहावाच लागतो, त्यामुळे तो बदलला की लगेच खटकतं.

दुसरी अडचण आदरार्थी बहुवचनाची. "माय ग्रँडफादर वॉज अ टीचर. दे टॉट मॅथ्स." मनात 'ते गणित शिकवायचे' हे वाक्य असतं, म्हणून हात 'दे'कडे वळतो. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, हे 'दे' म्हणजे आणखी कोण? आजोबांसाठी इथे 'ही'च लिहायचं. त्यात त्यांचा अनादर होत नाही, मुलांना हे आवर्जून सांगायला हवं.

'कोणीही माणूस' या अर्थाच्या 'वन'चंही तसंच. ब्रिटिश वळण "वन शुड डू वन्स ड्यूटी" असं आहे. अमेरिकेत पुढे 'हिज' लिहिण्याचीही रीत आहे. 'वन'वरून 'युअर'वर उडी मात्र नको.

आता 'एव्हरीवन'. हा शब्द एकवचनी, मग पुढे 'हिज' की 'देअर'? एकवचनी 'दे', म्हणजे स्त्री की पुरुष हे ठरलेलं नसताना एकाच व्यक्तीसाठी वापरलेला 'दे', इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. पुढे व्याकरणकारांनी 'ही'चा आग्रह धरला, आणि 1850च्या ब्रिटिश कायद्यानं तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं ठरवलं. आज वारं फिरलंय : 2019 साली मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं 'दे' हाच वर्षाचा शब्द निवडला. मला 'देअर'च रास्त वाटतं. वर्गात मुलीही बसलेल्या असताना 'एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक' का म्हणायचं? आपण 'प्रत्येकानं आपलं पुस्तक आणावं' म्हणतो, तेव्हा त्या 'आपलं'मध्ये मुलगा-मुलगी दोघंही येतात.

परीक्षेत तपासणारे जुन्या वळणाचे असतील अशी धास्ती वाटली, तर कर्ताच अनेकवचनी करा : "ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर बुक्स." यावर कोणीच लाल रेघ मारणार नाही.