चार मार्क

पुण्यात नऱ्ह्यातली ही बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर डावीकडची खिडकी दिसतेय ना, ती आमची रूम, कॉट बेसिसवर तिघं राहायचो, मी, माझा रूममेट आणि एक सिव्हिलवाला जो बहुतेक वेळ साइटवरच असायचा. 2008 चा ऑगस्ट होता, बीई, म्हणजे इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, नुकतंच सुरू झालेलं आणि पहिली मोठी कंपनी येणार म्हणून नोटीस लागली. दहावी, बारावी, इंजिनिअरिंगचं प्रत्येक वर्ष, सगळीकडे 60 टक्के पाहिजेत.

म्हणजे टीईला, तिसऱ्या वर्षाला, 1500 पैकी 900. मला होते 904. माझ्या रूममेटला 896.

आता मला सी, म्हणजे प्रोग्रॅमिंगची ती भाषा, कोणी शिकवली, तर त्याने. त्यातले पॉइंटर्स माझ्या डोक्यात शिरतच नव्हते, वहीवर चौकोन काढून, बाण काढून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत समजावलंय त्याने मला. एका पेपरला त्याने रिव्हॅल्युएशन, म्हणजे पेपर पुन्हा तपासायला, टाकलं होतं पण रिझल्ट यायचा होता, कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांकडे दोनदा जाऊन आला, सर म्हणाले क्रायटेरिया कंपनीचा आहे, मी काय करू. मी त्याचाच टाय लावून गेलो. अ‍ॅप्टी, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, निघाली, आणि टेक्निकलला विचारलं काय, तर पॉइंटर्स! रात्री नऊला लिस्ट लागली, त्यात माझं नाव.

मग 15 सप्टेंबरला तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. नऱ्ह्यातल्या पोरांनी हे नाव कशाला ऐकलेलं असणार, पण आपल्या आयटीचं कितीतरी काम तिकडच्या बँका आणि इन्शुरन्सवाल्यांकडूनच येतं, त्यामुळे दिवाळीपर्यंत आमच्या कॉलेजला कंपन्या यायच्याच बंद झाल्या. माझं जॉइनिंगसुद्धा वर्षभर लांबलं, पण हातात लेटर तरी होतं.

आणि त्या वर्षी होस्टेलवर, टपरीवर जे बोलणं चालायचं ते मला विसरता येत नाही. जी मुलगी प्लेस झाली ती म्हणे मुलगी म्हणून, जो एससीतला पोरगा लागला तो म्हणे कोट्यातून. अरे, प्रायव्हेट कंपनीच्या भरतीत जातीचं आरक्षण नसतंच, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बोलायचे, कारण राग काढायला समोर तोच बसलेला असायचा, लेहमन ब्रदर्स कुठे समोर होती. त्या पोराने आमच्यासोबत तीच अ‍ॅप्टी दिली होती. त्या बोलण्यात मीही मान हलवलीय. याची लाज वाटते आणि ती वाटायलाच पाहिजे.

मी स्वतःला मात्र हुशार समजत राहिलो, बरीच वर्षं. माझा रूममेट एका छोट्या फर्ममधे महिना आठ हजारावर टेस्टिंगला लागला तेव्हाही मला वाटायचं की जरा जोर लावला असता तर झालं असतं त्याचंही.

ते उतरलं 2021 मधे, मी इंटरव्ह्यू घ्यायला बसलो तेव्हा. दिवसाला वीस-वीस पोरं, संध्याकाळी सहानंतरच्या पोराला मी काय विचारलं हे मलाच आठवायचं नाही, आणि तरी बहुतेकांना घ्यायचंच होतं कारण माणसं हवी होती. त्या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने 1 लाखाच्या आसपास फ्रेशर्स घेतले. आणि 2023-24 संपताना तिथली एकूण माणसं 13 हजारांनी कमी झालेली. दोन वर्षांत पोरांची अक्कल कमी झाली का? सिलॅबस तोच, कॉलेजं तीच, आणि पॅकेज तर आमच्या वेळचंच, साडेतीन लाखाच्या आसपास. 2024 च्या जानेवारीत पुण्यातल्या वॉक-इनच्या रांगेचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, तुम्हीही पाहिला असेल, हातात फाइल घेऊन उभी असलेली पोरं. त्यांच्या दोन वर्षं पुढचे सीनियर माझ्यासमोर बसून वीस मिनिटांत सिलेक्ट होऊन गेले होते.

रूममेट आता हिंजवडीत आहे, टीम लीड. ही फिल्म करतोय म्हटल्यावर मी त्याला टीईची मार्कशीट मागितली, नुसतं शूट करायला. त्याने फाइल काढली तर आत दोन कागद निघाले. रिव्हॅल्युएशनचं मी त्याला इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही.

सहा मार्क वाढले होते. हा तो दुसरा कागद, 902.