चढणीवर भेटलेली बाई

नमस्कार श्रोतेहो. फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला आठवतो पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग, 14 जुलै 1789, आणि गाईडमधली ती कारणं, सामाजिक, आर्थिक, राजकीय, पाठ करा आणि पेपरात उतरवा. मला ती गाईडं मुळीच आवडत नाहीत, पोरांची इतिहासाची गोडी तिथेच जाते. असो. आज जे सांगतोय ते तेव्हा तिथे हजर असलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं आहे. तिथे हजर असलेल्या माणसाने, एवढं लक्षात असू द्या.

त्याचं नाव आर्थर यंग. इंग्रज माणूस, फ्रान्समधली शेती बघायला घोडीवर बसून गावोगाव हिंडायचा आणि रोजनिशी लिहायचा. तारीख 12 जुलै 1789, म्हणजे बॅस्टिल पडायला दोन दिवस होते, दोनच दिवस. फ्रान्समधल्याच मेट्झ शहराच्या वाटेवर मोठी चढण लागली, घोडीला त्रास नको म्हणून हा उतरून चालायला लागला, तर एक गरीब बाई सोबतीला आली आणि बोलायला लागली की दिवस फार वाईट आलेत. का, असं विचारलं तर म्हणाली, नवऱ्याचा जमिनीचा एक तुकडा, एक गाय आणि एक किरकोळ घोडा, एवढंच आमचं. त्यातून एका जमीनदाराला एक माप, म्हणजे साधारण 19 किलो, गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्याला त्याच मापाने चार मापं ओट, एक कोंबडी आणि एक सू, म्हणजे तिकडचं छोटं नाणं, आणि वर सरकारचे कर ते वेगळेच. पोरं सात, गाईचं दूध त्यांच्या सूपमध्ये जायचं. यंग पडला शेतीतला, त्याने लगेच विचारलं, मग घोड्याऐवजी दुसरी गाय का नाही ठेवत? ती म्हणाली, घोडा नसेल तर माल न्यायचा कसा? मग म्हणाली, कोणी मोठी माणसं आम्हा गरिबांसाठी काहीतरी करणार आहेत म्हणे, कोण ते माहीत नाही, कसं ते माहीत नाही, पण देवाने बरे दिवस दाखवावेत, या करांनी आणि देण्यांनी आम्ही चिरडून गेलोय.

यंग लिहितो, थोड्याच अंतरावरून बघितलं तरी ती साठ-सत्तरची वाटली असती, इतकी वाकलेली, चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या. तिने वय सांगितलं 28. अठ्ठावीस, श्रोतेहो.

हे वाचल्यापासून आर्थिक कारणं हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, मला त्या तीन कोंबड्या दिसतात. ती ज्या करांबद्दल बोलत होती त्यातला मुख्य कर, ताय, सरदार आणि पाद्री यांना बहुतेक माफच होता. आणि दोन दिवसांनी, 14 जुलैला, राजा सोळावा लुई त्याच्या डायरीत एकच फ्रेंच शब्द लिहितो, त्याचा अर्थ, काही नाही. ती मुख्यतः शिकारीची डायरी, म्हणून त्यावरून राजाला वेडा ठरवू नका, कागद कशासाठी लिहिला गेला ते आधी बघायचं, कायम बघायचं. यंगचं लिहिणंही तसंच तपासून बघायचं, त्याने पुस्तक छापलं 1792 मध्ये आणि 1793 मध्ये हाच माणूस क्रांतीच्या विरोधात लिहायला लागला.

असे तपशील अशाच कागदांत सापडतात, म्हणून घरातल्या जुन्या हिशोबाच्या वह्या रद्दीत देऊ नका हो, ते मी दरवेळी सांगतो.

त्या बाईचं नाव मात्र यंगने लिहून ठेवलं नाही. गहू किती, ओट किती, कोंबड्या किती, सगळं लिहिलं.