व्हर्जन जुनं दिसतंय, मग घाबरायचं का?

(रत्नागिरीत पतसंस्था आणि मच्छीमार सोसायट्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांपुढे झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून लिहिलंय.)

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. लगेच कामाचं बोलूया, चारनंतर लाइटचा भरवसा नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे ऑडिटरचा तो रिपोर्ट आलाय ना, ज्यात लाल अक्षरात असतं की सर्व्हरवरचं ओपनएसएसएल जुनं आहे आणि त्याखाली सीव्हीई नंबरांची ही लांबलचक शेपटी, मग सेक्रेटरी विचारतात हे काय आणि आता पैसे जाणार का, आणि आपण नुसतं "बघतो साहेब" म्हणून वेळ मारून नेतो. आज फक्त तेवढंच बघायचंय, त्या लाल ओळींतली खरी कुठली आणि उगाच कुठली.

ओपनएसएसएल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी, ओपन सोर्स, फुकट. आणि सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या बगला, म्हणजे चुकीला, दिलेला नंबर, ही पद्धत 1999 पासून आहे. नंबर पडला म्हणजे बगला नाव मिळालं, बाकी काही नाही. तो बग तुमच्या मशीनवर आहे की नाही हे त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि लोक नेमके इथेच फसतात.

ओपनएसएसएलमधलाच हार्टब्लीड नावाचा बग घ्या, सीव्हीई-2014-0160, जाहीर झाला 7 एप्रिल 2014 ला. हार्टबीट नावाची एक सोय होती, समोरचा म्हणतो मी अजून लाइनवर आहे, हा मजकूर मला परत पाठव, मजकूर इतक्या बाइटचा आहे. आता मजकूर पाठवला एक अक्षराचा आणि सांगितलं 64 हजार बाइट, तर सर्व्हरने मोजून बघायला नको? नाही बघितलं. ते एक अक्षर आणि त्याच्या पुढे मेमरीत जे काही पडलं होतं, कुणाचा पासवर्ड, कुणाची सेशन कुकी, सर्व्हरची प्रायव्हेट की, म्हणजे एन्क्रिप्शनची गुप्त किल्लीसुद्धा, जवळजवळ 64 केबी उचलून दिलं पाठवून, आणि लॉगमध्ये त्याची साधी नोंद पण नाही. दुरुस्ती काय केली माहितीये? प्रकाराचा 1 बाइट, लांबीचे 2, सांगितलेला मजकूर आणि शेवटचं भरताड 16 बाइट, ही बेरीज प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डपेक्षा जास्त भरली तर ते गुपचूप टाकून द्या. मूळ मुद्दा एवढाच. आणि हा कोड मार्च 2012 पासून जगभर चालू होता. तेव्हा या प्रोजेक्टला वर्षाला देणगी यायची साधारण 2000 डॉलर, अहो आमच्या वाडीतल्या गणपतीची वर्गणी याहून जास्त होत असेल.

आता गंमत ऐका. बग होता 1.0.1 पासून 1.0.1एफ पर्यंत, 1.0.1जी मध्ये गेला. डेबियन म्हणजे सर्व्हरवर चालणारं एक फुकट लिनक्स, त्या वेळी त्याच्या 7 नंबरच्या रिलीजवर होतं 1.0.1ई. डेबियनवाल्यांनी जी आणलंच नाही, त्यांनी ई मध्येच तेवढा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, घातला आणि पॅकेजचं नाव केलं 1.0.1ई-2+डेब7यू5. याला बॅकपोर्ट म्हणतात, स्टेबल रिलीजमध्ये नवीन व्हर्जन कोंबायचं नाही, फक्त भोक बुजवायचं. म्हणजे तुम्ही सर्व्हरवर ओपनएसएसएल व्हर्जन अशी कमांड दिली तर पॅचच्या आधी पण 1.0.1ई आणि नंतर पण 1.0.1ई! आणि त्याहून जुनं डेबियन 6, त्यावर 0.9.8 होतं, त्यात हार्टबीट ही भानगडच नव्हती, म्हणजे सगळ्यात जुनाट मशीनवाला या बगपुरता निवांत. ऑडिटर सर्व्हर तपासायला जे स्कॅनर सॉफ्टवेअर चालवतो त्याला हे काही कळत नाही, बरेच स्कॅनर नुसता व्हर्जनचा आकडा वाचतात आणि लाल करून मोकळे होतात.

म्हणून पॅकेजचं पूर्ण नाव बघायचं, शेवटच्या त्या डेब आणि यू सकट. आणि ओपनएसएसएल नावाचं पॅकेज म्हणजे फक्त कमांड हं, खरी लायब्ररी लिबएसएसएल नावाने वेगळी असते, ती बघा.

मग ते नाव घेऊन जायचं कुठे, तर डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर. मला ही जागा फार आवडते, कारण तिच्या मागे कुठलं भारी सॉफ्टवेअर नाही, एक साधी टेक्स्ट फाइल आहे, माणसं हाताने भरतात. नवीन सीव्हीई आला की त्याखाली आधी पडतं टूडू-चेक, म्हणजे अजून बघायचंय. मग कुणीतरी वाचतो आणि बहुतेक वेळा लिहितो नॉट फॉर अस, म्हणजे हे सॉफ्टवेअर आमच्याकडे नाहीच, विषय संपला. असेल तर कुठल्या व्हर्जनमध्ये दुरुस्त झालं ते, आणि एखाद्या रिलीजसाठी चौकटी कंसात तिचं नाव घालून पुढे नॉट अफेक्टेड, कारण, हा कोड यात नाहीच. ऑडिटरला उत्तर द्यायला ती एक ओळ पुरते. माझा अनुभव असा की ती ओळ पुढे ठेवली की ऑडिटर पण खूश, त्यालाही बिचाऱ्याला फाइल बंदच करायची असते.

ऑक्टोबर 2022 ची धावपळ आठवत असेल काहींना. 25 तारखेला ओपनएसएसएलने सांगितलं की 1 नोव्हेंबरला 3.0.7 येतंय आणि त्यात क्रिटिकल दुरुस्ती आहे. झालं, आठवडाभर सगळ्यांच्या झोपा उडाल्या. 1 तारखेला बघतो तर धोक्याची पातळी एक पायरी उतरवून क्रिटिकलचं हाय केलेलं, सर्टिफिकेटमधला ईमेल पत्ता तपासताना चार बाइट हद्दीबाहेर लिहिले जात होते, आणि हे फक्त 3.0.0 ते 3.0.6 मध्ये. तेव्हा बहुतेक सर्व्हरवर 1.1.1 होतं, त्याला काहीच नाही. बंदरातला बावटा तुम्हाला मी काय सांगणार, समुद्रात वादळ एकच असतं पण एका बंदरात एक नंबर लागतो आणि दुसऱ्या बंदरात तीन, मिरकरवाड्यातला माणूस मिरकरवाड्याचा बावटा बघतो. ओपनएसएसएलचं क्रिटिकल-हाय ते सगळ्या समुद्राचं, ट्रॅकरवरची तुमच्या रिलीजची ओळ तेवढी तुमच्या बंदराची.

बरं, अपडेट केलं म्हणजे झालं का? नाही झालं. डिस्कवर नवीन लायब्ररी आली पण वेब सर्व्हर, मेल सर्व्हर आधीपासून चालू आहेत ना, त्यांनी जुनीच मेमरीत धरून ठेवलेली असते, फाइल डिलीट झाली तरी सोडत नाहीत. पूर्वी आपल्याकडे पावसाळ्यात रोज लाइट जायची आणि सर्व्हर आपोआप रिस्टार्ट व्हायचा, आता सगळ्यांनी इन्व्हर्टर बसवले, त्यामुळे मशीन महिनोन्महिने बंदच होत नाही (हसू नका, खरंच सांगतेय). नीडरिस्टार्ट नावाचं टूल टाका, कुठली सर्व्हिस जुनी लायब्ररी धरून बसलीये ते सांगतं.

आणखी एक. काही सॉफ्टवेअर स्वतःच्या पोटात ओपनएसएसएलची वेगळी कॉपी घेऊन येतात. त्याबद्दल ट्रॅकर गप्प, अपडेट पण तिथे पोचत नाही. अकाउंटिंगचं पॅकेज देणाऱ्याला फोन करून विचारा, आत कुठलं व्हर्जन आहे आणि पॅच कधी देणार, लेखी घ्या. राउटरचंही तसंच.

मागून प्रश्न आला, "ताई, नवीन सर्व्हर घेतला, जुन्यावरची एसएसएच की तशीच कॉपी केली तर चालेल ना?"

एसएसएच की म्हणजे पासवर्डऐवजी लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची डिजिटल किल्ली, ती कधी आणि कशावर बनवली त्यावर आहे. 2006 मध्ये डेबियनमध्येच, एका टूलची वॉर्निंग घालवायला म्हणून ओपनएसएसएलमधल्या ओळी बंद केल्या गेल्या, आणि की बनवायला लागणाऱ्या रँडम आकड्यासाठी उरला काय तर प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळालेला नंबर. म्हणजे एका प्रकारच्या की फक्त 32 हजारांच्या आसपास, कुणीही बसून सगळ्या बनवून ठेवाव्यात. मे 2008 मध्ये कळलं, सीव्हीई-2008-0166. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा बग नव्हताच, तिथे कितीही शोधा, सापडणार नाही. आणि पॅच टाकून त्या काळात बनलेल्या की सुधारत नाहीत, कुठल्याही मशीनवर नेल्या तरी तेवढ्याच कच्च्या. हार्टब्लीडमध्येही तेच, पॅचनंतर की आणि सर्टिफिकेट बदलावं लागलं, कारण आधीचं कुणी नेलं असेल ते नेलंच. तुमच्या सोसायटीतली की कुणी बनवली हे आज कुणाला आठवत नसेल, तर नवीन बनवा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि जुनी कुठकुठल्या मशीनच्या ऑथोराइज्ड कीजमध्ये, म्हणजे आत घ्यायच्या किल्ल्यांच्या यादीत, पडलीये ते शोधून तिथून काढा, खरा वेळ त्यालाच जाणारे.